एमएम ५४० ला बोलेरोचं डीआय इंजिन: अक्कलकोट रोडच्या अण्णांचं गॅरेज

सोलापुरात अजून कुणाकडे जुनी महिंद्रा जीप असेल आणि इंजिन बदलायचा किडा डोक्यात वळवळत असेल, तर अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या अलीकडे पत्र्याच्या शेडातलं हे गॅरेज आधी बघून या. बोर्ड आहे, पण वाचता येत नाही. मिस्त्रींना सगळे अण्णाच म्हणतात. पैसे मी पूर्ण मोजलेत आणि हे लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही.

गाडी १९९४ ची एमएम ५४०, वडिलांनी नवी घेतलेली. आमचं रान सीनेच्या काठाला, जमीन काळी आणि चिबड. पावसाळ्यात तिथं ट्रॅक्टर जातो नाहीतर फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना ओढ असलेली गाडी, तिसरं काही जात नाही. मूळ इंजिन प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, म्हणजे चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), २११२ सीसी. चालायला गुळगुळीत, पण त्याचे ६२ घोडे मिळतात ४५०० आरपीएमला. चिखलात एवढी रेस दिली की चाकं जागेवर फिरतात आणि आपणच आपला खड्डा खणतो. त्यात बोअर आधीच एकदा वाढवलेला, कॉम्प्रेशन उतरलेलं, थंडीत इंजिन तापवायचा हीटर दोनदा दिल्याशिवाय इंजिन उठायचं नाही.

माझ्या डोक्यात थारचं सीआरडीई, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजिन होतं. १०५ घोडे, २४७ न्यूटन मीटरचा टॉर्क (चाक फिरवायची ओढ), आकडे वाचूनच माणूस खूश होतो. अण्णांनी बोनेट न उघडताच विचारलं, "मालक, रानात किती फिरते अन् हायवेला किती?" म्हटलं, रानातच जास्त, मधूनअधून तुळजापूर. "मग घोडे वाढवून काय करणार ओ? थांबवायला चारी ड्रम ब्रेकच हायत की!"

मग त्यांनी जे समजावलं त्यासाठीच मी हे लिहितोय, कारण दुसरीकडे मला फक्त भाव सांगितले गेले होते. सीआरडीई बसतं, पण नुसतं इंजिन आणून भागत नाही. ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पूर्ण वायरिंग, सेन्सरवालं अ‍ॅक्सिलरेटर पेडल, इंटरकूलर, हे सगळं एकाच गाडीतलं उतरवून आणावं लागतं. त्यातली एक वायर रानात उंदराने कुरतडली की गाडी जागेवर, आणि स्कॅनरवाला बांधावर येत नाही. शिवाय जुना गिअरबॉक्स आणि क्राऊन पिनियन (चाकांच्या धुऱ्यातले दाते) त्या ओढीसाठी बनलेलेच नाहीत.

दुसरा पर्याय एक्सडी३पी, म्हणजे प्यूजोच्याच घराण्यातलं २४९८ सीसीचं थोरलं इंजिन. गाडीत सरळ बसतं, कापाकापी कमी. पण चांगल्या अवस्थेतलं मिळणं अवघड, आणि पार्टसाठी पुन्हा पुण्या-मुंबईचे फोन सुरू. जुनंच इंजिन लायनर-पिस्टनपासून नवं करायचा पर्यायही अण्णांनी प्रामाणिकपणे पुढे ठेवला. त्यात त्यांची कमाई सगळ्यात कमी होती, हे विसरू नका.

शेवटी ठरलं बोलेरोचं डीआय टर्बो, डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. २५२३ सीसी, बोअर ८८.९ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) १०१.६ मिलिमीटर. आता गंमत बघा. घोडे सुमारे ६३, म्हणजे जुन्यापेक्षा एकच जास्त. पण टॉर्क १२१ न्यूटन मीटरवरून १८० च्या घरात जातो, आणि तोही १५०० आरपीएमच्या आसपास. लांब स्ट्रोक आणि टर्बो, दोन्ही मिळून खालीच ओढ देतात. शिवाय पंप मेकॅनिकल, वायरिंग जवळजवळ नाहीच. डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या खळग्यात उडतं, प्यूजोसारखं आधी बाजूच्या कप्प्यात नाही, त्यामुळे पाण्यात वाया जाणारी उष्णता कमी. पारा ४३-४४ ला टेकणाऱ्या आपल्या गावात ही गोष्ट लहान नाही. आणि बोलेरोचा पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो.

खरी अडचण गिअरबॉक्सची असते आणि बरेच जण तिथेच फसतात. रस्त्यावरच्या बहुतेक बोलेरो टू व्हील ड्राइव्ह. त्यांच्या बॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या चाकांना ओढ देणारी पेटी, बसायला जागाच नसते. इंजिन-बॉक्स जोडी स्वस्तात मिळाली म्हणून आणली तर पुढची चाकं कायमची शोभेला. अण्णांनी इंजिन बोलेरोचं घेतलं, पण बॉक्स फोर बाय फोर गाडीचाच पाहिजे म्हणून थांबायला लावलं. नवा बॉक्स लांब, जीपचा व्हीलबेस आखूड, त्यामुळे मागचा शाफ्ट कापून बॅलन्स करून घेतला. पुढचं डिफरन्शिअल उसळी मारून इंजिनाखालच्या ऑइल चेंबरला लागतं का, ते गाडी एका बाजूने दगडावर चढवून तपासलं. इंजिन बसवायच्या फाउंडेशनच्या पट्ट्यांचं वेल्डिंग बघण्यासारखं आहे, कुठे गोळा नाही की भोक नाही. रेडिएटरही मोठा घातला. ब्रेकसाठी बूस्टर बसवला आणि पुढे डिस्क केल्या. हा खर्च माझ्या हिशेबात नव्हता, पण त्यावर अण्णा अडूनच बसले.

आता तुळजापूरचा घाट जीप तिसऱ्यात चढते, पूर्वी दुसरा टाकावा लागायचा. रानात लो रेंजला (ट्रान्सफर केसचा हळू पण जास्त ओढीचा टप्पा) दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता चिखलातून हळूहळू निघते. सकाळी हीटरचं नावच नाही, अर्ध्या सेल्फमध्ये चालू.

तक्रारी आहेतच. थरथर भयंकर. उभ्या गाडीत आरसा बघितला तर आपलेच दोन चेहरे दिसतात. डीआयचा तो स्वभाव आहे हे मान्य, पण इंजिनाखालचे नरम रबर अजून शोधता आले असते. आवाजामुळे ऐंशीच्या पुढे शेजारच्याशी बोलणं बंद. माझ्या बायकोने तर पहिल्याच फेरीत, "ही पिठाची गिरणी कुठून आणली?" असं विचारून टाकलं. गॅरेजचा हिशेब वहीत, पेन्सिलीने. लेखी अंदाजपत्रक मागितलं की अण्णा हसतात. "आठ दिवसांत देतो" याचा अर्थ काय हे सोलापूरकराला सांगायला नको. फोन उचलत नाहीत, जाऊन उभं राहावं लागतं. सगळं मिळून खर्च दोन लाखांच्या आसपास गेला, सुरुवातीच्या बोलीपेक्षा बराच वर, पण वाढलेला प्रत्येक रुपया ब्रेक, रेडिएटर नाहीतर शाफ्टमध्ये दिसतो.

कागदांचं काम गॅरेज करत नाही आणि ते बरंच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ इथे लागू होतं. आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल मनाने करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये याबाबत कडक भूमिका घेतली आहे. आरटीओची लेखी परवानगी आधी, काम नंतर, आणि बदल झाल्यावर चौदा दिवसांत आरसीवर नोंद. विमा कंपनीलाही कळवायचं, नाहीतर क्लेमच्या वेळी वांधे. परवानगीला माझा इंजिनकामापेक्षा जास्त वेळ गेला. "बसवून टाका, कोण बघतंय" म्हणणारे दुसरीकडे भेटतात. इथे तसं चालत नाही.

चिखल-रानासाठी जीप ठेवणाऱ्याने इथे डोळे झाकून जावं. हायवेला शंभरने पळवायची असेल तर डीआय घेऊ नका. नुसतं वेगासाठी इंजिन बदलायला गेलात तर अण्णा तुम्हाला सेकंड हँड स्कॉर्पिओ घ्यायला सांगतील, मला वाटतं बरोबरच सांगतील. जाताना आरसीची झेरॉक्स, परवानगीचा कागद आणि इंजिन बाहेरून आणलं असेल तर त्याचं बिल बरोबर ठेवा. बिल नसलेल्या इंजिनाला ते हात लावत नाहीत, चहा पाजून परत पाठवतात.