कमवा-शिका की बाहेरची नोकरी?

संभाजीनगरात शिकायला आलेल्या पोराचं खोलीभाडं आणि मेसचे पैसे दर महिन्याला गावाकडून येतातच असं नाही. कापूस घरात पडून असला, की फोन करायलाही जीव होत नाही.

मी दोन्ही करून पाहिलं. पहिल्या वर्षी विद्यापीठातली 'कमवा आणि शिका' योजना. काम ग्रंथालयात किंवा बागेत, तेही तास ठरवून. मी रोपवाटिकेत काळ्या पिशव्यांत माती भरायचो. हात धुऊन थेट तासाला. नखांतली माती मात्र जायची नाही. परीक्षा जवळ आली की साहेब स्वतःच म्हणायचे, "जा रे, अभ्यास कर." पैसे तासाप्रमाणे, पण थोडके आणि उशिरा. मेसवाल्याला किती वेळा "पुढच्या आठवड्यात देतो काका" म्हणायचं?

दुसऱ्या वर्षी औरंगपुऱ्यात मेडिकलवर लागलो, संध्याकाळी ५ ते १०. पैसे जास्त, रोख, १ तारखेला. पण सणावाराला सुट्टी मागितली की मालकाचं तोंड वाकडं. सत्राच्या पेपरच्या आदल्या रात्री मी मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटं वेगळी काढत बसलो होतो. त्या विषयात बॅकलॉग राहिला.

वाळूजच्या कंपनीतली रात्रपाळी मी धरतच नाही. सकाळी वर्गात डोळा लागतो आणि ७५ टक्के हजेरी भरत नाही.

प्रॅक्टिकलवाल्यांनी कमवा-शिकाच धरावी. बी.ए., बी.कॉम.वाल्याला दुकान जमेल. फक्त परीक्षेच्या सुट्टीचं पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं. मी बोललो नव्हतो.