तलावातल्या मासेमारीसाठी दहा फुटी प्लास्टिकची होडी: पैसे देण्याआधी उलटी करून बघा

पाझर तलाव, गावतळे किंवा लघुपाटबंधाऱ्याचा छोटा जलाशय, दोन माणसे, गिलनेटच्या (मासा कल्ल्यांत अडकतो त्या जाळ्याच्या) चार-पाच गुंडाळ्या आणि माशांचे क्रेट. एवढ्या कामासाठी फायबरची होडी घ्यावी की प्लास्टिकची? आमचा कौल प्लास्टिकला. या होड्या पॉलिथिनच्या असतात आणि त्याची घनता पाण्यापेक्षा थोडी कमी असते, त्यामुळे होडीत पाणी भरले तरी ती तळाला जात नाही. फायबर पाण्यापेक्षा जड. त्यात हवाबंद कप्पा किंवा फोम नसेल, तर भरलेली होडी सरळ बुडते. शिवाय आपल्या तलावांत काळे दगड आणि बुडालेल्या बाभळींचे बुंधे असतात. त्यांवर आदळून फायबरला तडा जातो, प्लास्टिकला बहुधा पोचा येतो.

पण प्लास्टिकच्या होड्यांतही दोन जाती आहेत. एक साच्यात फिरवून बनवलेली, म्हणजे रोटोमोल्डिंगची. छतावरच्या पाण्याच्या टाक्या याच पद्धतीने होतात. अंग एकसंध, कुठे सांधा नाही. दुसरी एचडीपीईचे, म्हणजे जास्त घनतेच्या टणक पॉलिथिनचे, पत्रे कापून, गरम करून जोडलेली. पत्र्याच्या होडीत सगळा जीव जोडात असतो. आतला-बाहेरचा जोड बोटाने चाचपत जा. मध्येच खळगा, बुडबुडा किंवा अर्धवट चिकटलेली कड लागली तर ती होडी सोडा. रोटोमोल्डिंगमध्ये भीती वेगळी असते: साच्यात प्लास्टिकची पावडर सगळीकडे सारखी पसरली नाही तर भिंत कुठे जाड, कुठे पातळ राहते. होडी उलटी करून तळावर गुडघा टेका. एका जागी टणक आणि वीतभर पुढे डबडब लागले, तर तीच जागा आधी दगा देणार. फिक्या रंगाची होडी उन्हाकडे धरली की पातळ जागा उजळ दिसतात.

दुहेरी भिंतीची होडी असेल तर मधल्या पोकळीत काय आहे, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. नुसती हवा असेल तर बारीक चिरेतूनही पोकळीत पाणी शिरते आणि होडी दिवसेंदिवस जड होते. हलवल्यावर आत डुचमळल्याचा आवाज येतो. फोम असेल तर चीर पडूनही पोकळी भरत नाही, म्हणून थोडे जास्त पैसे त्यासाठी द्यावेत. पोकळ होडी काठावर उन्हात ठेवताना पोकळीचे बूच उघडे ठेवायचे, नाहीतर आतली हवा तापून तळ फुगतो. पाण्यात लोटण्याआधी तेच बूच आठवणीने लावायचे.

पाटीवर छापलेल्या वजनक्षमतेपेक्षा टेपवर भरवसा ठेवा. तळाची लांबी आणि रुंदी मीटरमध्ये मोजा, गुणाकाराला 10ने गुणा. सपाट तळाची होडी 1 सेंटिमीटर दबायला साधारण तेवढे किलो लागतात. 2.6 बाय 1 मीटर तळ असेल तर 26 किलो. होडी 60, दोन माणसे 140, ओली जाळी आणि क्रेट 40, मासळी 50, एकूण 290 किलो; म्हणजे होडी 11 सेंटिमीटर दबणार. काठ 40 सेंटिमीटर उंच असेल तर पाण्यावर 29 उरतात. हे पुरेसे आहे, पण दोघे एकाच बाजूला वाकून जाळे ओढू लागले की त्या बाजूचा काठ झपाट्याने पाण्याकडे येतो. पाण्यावरचा काठ 25 सेंटिमीटरपेक्षा कमी उरेल इतके ओझे भरूच नये.

लांबीपेक्षा रुंदी महत्त्वाची. तेवढ्याच लांबीची होडी 90ऐवजी 120 सेंटिमीटर रुंद असेल तर कलायला दुपटीहून जास्त जोर लागतो. उभे राहून पाग (फेकजाळे) फेकायचा असेल तर 120च्या खाली जाऊ नका. तळाला दोन पोटे असलेली होडी उभ्या माणसाला सर्वांत भक्कम वाटते, मात्र जलपर्णी त्या दोन पोटांच्या मधल्या खाचेत अडकून बसते. सपाट तळाला लांबीच्या दिशेने निदान दोन-तीन उंचवट्याच्या कण्या हव्यात, नाहीतर वल्हे मारताना वारा होडीला आडवी ढकलत नेतो.

आणि ही होडी उजनीसारख्या जलाशयासाठी नाही. मे 2024मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. उघड्या रुंद पाण्यात लाटा चढतात, तिथे उंच काठाची, पुढून निमुळती मोठी होडीच हवी. लाइफ जॅकेट मात्र गावतळ्यातही अंगावर असावे.

बॅटरीची मोटर लावणार असाल तर 30 पौंडी, म्हणजे 30 पौंड जोराने ढकलणारी, पुरते. पूर्ण वेगात ती 12 व्होल्टवर 30 अँपिअरच्या आसपास ओढते. 100 अँपिअर-तासाची लेड बॅटरी निम्म्यापर्यंतच उतरवायची म्हटले तर दीड-पावणेदोन तास मिळतात. ही बॅटरी 25 ते 30 किलोची, तेव्हा वरच्या हिशेबात तीही धरा. मोटरची पकड नुसत्या प्लास्टिकवर आवळू नका. दोन्ही बाजूंनी फळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी द्या. प्लास्टिक दाबाखाली हळूहळू सरकते आणि बोल्ट सैल पडतात. ते दर आठवड्याला बघावे लागतात.

होडी दोन दगडांवर टेकवून ठेवली तर उन्हाळ्यात तळ मध्ये खचतो. ती उलटी करून सावलीत ठेवावी. पृष्ठभाग पांढुरका होऊन हाताला पूड लागू लागली, की उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊ लागले असे समजा. चीर पडली तर एम-सील किंवा फायबरचे रेझिन लावू नका, पॉलिथिनला ते धरत नाही. त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी गरम हवेच्या गनने वितळवून जोड द्यावा लागतो. होडी घेतानाच कारखान्याकडून अशा चार कांड्या मागून घ्या.

राहिला शेततळ्याचा प्रश्न. 34 बाय 34 मीटरच्या तळ्यात खाद्य टाकायला किंवा जाळे फिरवायला महागडी होडी लागत नाही. आठ फुटी साधी होडी आणि काठावरच्या दोन खांबांना आरपार ताणलेला दोर पुरे. दोर हाताने ओढत जायचे. तिथे 500 मायक्रॉनचे, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड, प्लास्टिकचे अस्तर असते आणि वल्ह्याचे टोक किंवा लोखंडी नांगर त्याला भोक पाडतो. नांगराऐवजी वाळूचे पोते वापरा आणि होडीच्या तळाला रुतलेले खडे ती पाण्यात सोडण्याआधी हाताने काढून टाका.