मर रोगापुढे देशी कपाशी की अमेरिकन?

कपाशीचा विषय निघाला की 'आपला देशी वाण काटक' हे हमखास ऐकू येतं. रसशोषक किडी आणि पाण्याचा ताण यांच्यापुरतं ते खरं. झाड सुकवून मारणारा मर रोग ज्या फ्युजॅरियम बुरशीमुळे होतो, तिच्यापुढे मात्र चित्र उलटं. आपल्या काळ्या जमिनीतली ही बुरशी मुख्यतः देशी कपाशीलाच धरते. सुकलेल्या झाडाचं खोड उभं चिरून बघा, आत तपकिरी रेघा दिसतील : पाणी वाहणाऱ्या नळ्याच चोंदलेल्या. अमेरिकन कपाशी, म्हणजे मूळची अमेरिकेतली पण आपल्याकडेही पिकणारी जात, या बुरशीला सहसा दाद देत नाही.

म्हणून देशी लावायची तर मर-प्रतिकारक वाणच घ्यावा. रोगट जमिनीत मुद्दाम पेरून, तगलेल्या झाडांतून असे वाण निवडतात. बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकते, त्यामुळे नुसत्या औषधावर भिस्त ठेवू नये.

मग बीटी जनुक घातलेली अमेरिकन कपाशी लावणारे निर्धास्त? छे! मोठ्या उघडिपीनंतर जोराचा पाऊस झाला की बोंडांनी लदलेली झाडं एक-दोन दिवसांत माना टाकतात. ही आकस्मिक मर. बुरशीचा संबंध नाही, खोडात तपकिरी रेघाही नाहीत. बीटी जनुक बोंडअळीसाठी, त्याचा इथे काय उपयोग? साचलेलं पाणी आधी बाहेर काढा.