कुकर परत नेला, पैसेही दिले. पण निरोप चुलीपर्यंत आला नाही

पैसे पूर्ण परत मिळाले, हे आधीच सांगून टाकते. ज्या ऑनलाइन कंपनीवरून कुकर मागवला होता, तिनंच तो नियमात बसत नाही म्हणून परत मागवला, घरातून नेला आणि थोड्याच दिवसांत रक्कम खात्यावर जमा केली. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती कुकर परत मागवल्याचा निरोप पोचवण्याच्या पद्धतीची. मला राग आलाय, कारण त्या दिरंगाईत कुणाचं तोंड भाजलं असतं, कुणाचा डोळा गेला असता.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत डबे देते. विद्यापीठातली मुलं, दोन-तीन बँकेतली माणसं. बुधवारी आणि रविवारी मटण, एरवी आमटी, उसळ, भात. माझ्याकडं कुकर सकाळपासून शेगडीवरच असतो. म्हणून साडेसात लिटरचे दोन कुकर मागवले, एक मला आणि एक गडहिंग्लजच्या नणंदेला वास्तुशांतीचा आहेर म्हणून. ऑर्डर पुण्यात राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या मुलानं त्याच्या खात्यावरून केली. मराठी घरात ऑनलाइन खरेदी बहुतेक अशीच होते: मागवतो एक, पैसे देतो दुसरा, रांधते तिसरी.

आणि कंपनीनं कळवलं फक्त मागवणाऱ्याला. तेही इंग्रजी ईमेलवर, जाहिरातींच्या ढिगाऱ्यात. त्यानं मला वाचून दाखवलं तेव्हा मी दोनदा विचारलं, "अरे, पण झालंय काय कुकरला?" कारण त्यात धोका हा शब्दच नव्हता. काही नियमांची पूर्तता नसल्यानं हे उत्पादन परत मागवत आहोत, रक्कम परत मिळेल, एवढंच. आजपासून गॅसवर चढवू नका, हे एक वाक्य नव्हतं. ईमेल येऊन पडल्यापासून तो उघडेपर्यंत माझ्याकडं आणि नणंदेकडं कुकर रोज शिट्ट्या देत होता.

नेमकं काय वाईट आहे ते मला कळलं लक्ष्मीपुरीत. तिथं कुकर-मिक्सर दुरुस्तीवाले एक काका आहेत, माझे जुने कुकर त्यांच्याच हाताखालून गेलेत. त्यांनी झाकण उलटं केलं, चष्मा वर सरकवला आणि आरीच्या टोकानं सेफ्टी व्हॉल्व्हवर ओरखडलं. मग माझ्या जुन्या कुकरचं झाकण घेऊन तसंच केलं. जुन्याच्या व्हॉल्व्हमध्ये मधोमध मऊ धातूचा टिपका आहे, त्यावर चकचकीत रेघ उठली. नव्यावर काहीच नाही. "वहिनी, ह्यो व्हॉल्व्ह न्हाई. नुसतं बटण बसीवलंय," म्हणाले. तो टिपका वितळण्यासाठीच असतो. पाणी आटलं किंवा डाळीचं साल अडकून शिट्टीची वाट बुजली, की आतली उष्णता वाढते, टिपका वितळतो आणि वाफ तिथून बाहेर पडते. टिपकाच नसेल तर वाफ वाट काढणार ती झाकण उडवून.

हा जोर किती असतो, ते आम्ही रोज शिट्ट्या मोजणाऱ्या बायका कधी आकड्यात बघत नाही. शिट्टी होताना आत दर चौरस सेंटीमीटरला बाहेरच्यापेक्षा साधारण एक किलो जास्त दाब असतो, म्हणून तर पाणी १२० अंशांपर्यंत तापतं आणि मटण लवकर शिजतं. झाकण वीस सेंटीमीटर रुंद धरलं तरी त्याला आतून तीनशे किलोच्या वर रेटा बसतो. बहिणीच्या मुलानं हा हिशेब फोनवर करून सांगितला आणि मी त्याच क्षणी नणंदेला फोन लावला.

तिचं उत्तर ऐका: "वहिनी, चांगला चाललाय की! कशाला उगीच परत द्यायचा?" तिला पटवायला वेळ गेला, कारण तिच्याकडं कंपनीचा एक शब्द आलेला नव्हता. पार्सल तिच्याच पत्त्यावर गेलं होतं. डिलिव्हरीच्या दिवशी पार्सलवाल्या पोराचा फोन तिच्याच नंबरवर आला होता. म्हणजे पत्ता होता, नंबर होता. "तुमच्या घरी दिलेला कुकर वापरू नका" एवढा मराठी मेसेज टाकायला काय अडलं होतं? हे मला अजिबात मान्य नाही. कुकर विकताना दिवसाला दहा मेसेज येतात.

न्यायला आलेला मुलगा नम्र होता, पण मूळ खोका नाही म्हणून परत गेला. वर्षभर वापरलेल्या कुकरचा खोका कोण ठेवतं? कस्टमर केअरवर हिंदीतून प्रत्येक वेळी नव्यानं सगळं सांगावं लागलं, आणि दुसऱ्या कुकरची नोंदच दिसत नाही म्हणाले. शेवटी १९१५ ला फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता आलं, बाईंनी शांतपणे ऐकून तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीकडूनच फोन आला, खोक्याची अट गेली आणि गडहिंग्लजचा कुकरही गेला. हेल्पलाइनला माझ्याकडून पूर्ण गुण.

हे सगळं कायद्यानं होतं, मेहेरबानीनं नाही. १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेला घरगुती प्रेशर कुकर विकता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, त्याला धोकादायक वस्तू परत मागवण्याचा अधिकार आहे. २०२२ मध्ये या प्राधिकरणानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना असे कुकर परत घ्यायला, ग्राहकांना कळवायला आणि पैसे द्यायला सांगितलं, वर एकेक लाखाचा दंड केला. एका आदेशात २,२६५ कुकर होते, दुसऱ्यात ५९८. त्यातला प्रत्येक कुकर कुणाच्या तरी ओट्यावर होता, आणि आहेर म्हणून पुढं गेलेले किती असतील!

लक्ष्मीपुरीच्या काकांनी बघण्याचे पैसे घेतले नाहीत, फक्त जुन्या कुकरला नवी रबर रिंग आणि व्हॉल्व्ह बसवून दिला त्याचे घेतले. स्वतः दुकानदार असून नवा कुकर घ्याच असं म्हणाले नाहीत. अशी माणसं जपायला हवीत.

डब्यांचं काम एका कुकरवर होत नाही, म्हणून दुसरा मात्र महाद्वार रोडवर जाऊन, हातात घेऊन आणला. आयएसआय खुणेच्या वर आयएस २३४७ हा कुकरच्या मानकाचा क्रमांक आहे का आणि खाली सीएम/एल, म्हणजे कंपनीच्या परवान्याचा क्रमांक आहे का ते बघितलं, आणि दुकानातच भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो परवान्याचा क्रमांक टाकला. कंपनीचं नाव जुळलं तेव्हाच पैसे दिले. दुकानदार कुरकुरला नाही, उलट त्यानं पण ॲप उतरवून घेतलं.

कंपनीला माझं सांगणं हेच, की परत मागवायची वस्तू असेल तर माल जिथं पोचवला त्या नंबरवर मराठीत फोन करा, आणि पहिलं वाक्य "वापर थांबवा" असू द्या, पैशाचं नंतर. आणि वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी ऑनलाइन कुकर मागवून लग्नात, वास्तुशांतीत कुणाला दिला असेल, त्यांनी जुन्या ऑर्डरी काढून बघा. खूण नसेल तर त्या घरी आजच फोन करा, आणि पलीकडून "चांगला चाललाय की" असं उत्तर आलं तरी फोन ठेवू नका.