‘एआय ट्रॅकिंग गिंबल’ मागवला, हातात आली सेल्फी स्टिक

जाहिरातीत एक मुलगी नाचत असते आणि फोन तिच्यामागे आपोआप वळत असतो. खाली ४,९९९ रुपये खोडून १,२९९ लिहिलेले, वर ‘३ ॲक्सिस, एआय फेस ट्रॅकिंग, ३६० डिग्री’. गिंबल म्हणजे मोटरच्या जोरावर फोन स्थिर धरणारी आणि वळवणारी मूठ, ‘३ ॲक्सिस’ म्हणजे तीन दिशांना. पण पार्सल फोडल्यावर निघते ती ब्लूटूथ बटणाची सेल्फी स्टिक. नृत्याचे क्लास घेणारे, योगशिक्षक, कीर्तनाचे व्हिडिओ टाकणारे यात सहज फसतात, कारण कॅमेऱ्यामागे उभे राहायला त्यांच्याकडे खरोखरच दुसरा माणूस नसतो.

वस्तू खरी की खोटी हे दोन प्रश्नांवर ठरते. माणसाला बघणारा डोळा कुठे आहे? आणि फोन वळवायला मोटर किती आहेत?

डोळ्याच्या जागा मोजक्याच. फिरत्या स्टँडच्या बुडात स्वतःचा छोटा कॅमेरा असतो. काही गिंबलवर चुंबकाने चिकटणारा वेगळा सेन्सर येतो. नाहीतर फोनचाच कॅमेरा बघतो आणि कंपनीचे ॲप मोटरला हुकूम देते. चौथी सोय फक्त आयफोनची. ॲपलने २०२३ मध्ये आयओएस १७ बरोबर डॉककिट आणले, म्हणजे आयफोनने मोटरच्या स्टँडला थेट हुकूम देण्याची सोय. त्याला साथ देणाऱ्या स्टँडवर आयफोन १२ किंवा त्यापुढचा फोन लावला तर त्याच्या नेहमीच्या कॅमेरा ॲपमध्येच ट्रॅकिंग चालते. वस्तूत यांपैकी काहीच नसेल, तर तिच्यावर ‘एआय’ कितीही मोठ्या अक्षरांत छापा, फोन वळणार नाही.

मोटरचे तर डोळ्यांना दिसते. तीन ॲक्सिसच्या गिंबलला तीन जाडसर गोल डबे असतात: एक फोनच्या मागे, एक हाताच्या वळणावर, एक मुठीच्या वर. बंद असताना त्याचे सांधे सैल लोंबतात, चालू केल्यावर ताठ होतात. या स्वस्त स्टिकमध्ये मुठीपासून फोनच्या पकडीपर्यंत सरकती नळी असते आणि पकडीखाली एकच मोटर, किंवा तीही नाही. ती एक मोटर फोन डावी-उजवीकडे कलंडला तर तेवढा सरळ करते. चालताना बसणारे वर-खाली हादरे तसेच राहतात, आणि माणूस बाजूला गेला तर फोन जागचा हलत नाही. पकडीवर लेन्ससारखे काळे चकचकीत वर्तुळ असते. नखाने खरवडून बघा, बहुतेक वेळा नुसते प्लास्टिकचे झाकण निघते.

अर्धी फसवणूक जास्त त्रासाची, कारण वस्तू चालते पण कामाची नसते. ‘सगळ्या फोनला, सगळ्या ॲपला चालतो’ असे सांगून विकलेला स्टँड घरी आल्यावर त्याच्या स्वतःच्या ॲपशिवाय हलत नाही. अँड्रॉइडवर एका वेळी साधारणपणे एकच ॲप कॅमेरा वापरू शकते. त्यांचे ॲप चेहरा शोधत असताना फोनच्या मूळ कॅमेऱ्याने ४के रेकॉर्डिंग होत नाही, व्हिडिओ कॉलमध्येही ट्रॅकिंग मिळत नाही. त्यांच्या ॲपमध्ये जो दर्जा असेल तोच पदरात घ्यायचा. बुडात कॅमेरा असलेल्या स्टँडला ही अडचण नाही, पण स्वस्तातले असे स्टँड फक्त आडवे फिरतात. योगशिक्षक उभे असताना चौकटीत, खाली वाकले की बाहेर. शिवाय हे बहुतेक चेहराच शोधतात. कीर्तनकारांनी टाळकऱ्यांकडे वळून पाठ केली, की स्टँड मृदंगवाल्याचा चेहरा पकडून तिथेच थांबतो. मागे मोठा हॅलोजन असेल तर कुणाचाच पकडत नाही. हे दोष विक्रेत्याला माहीत असतात आणि तो सांगत नाही.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे एकच मागा: तुमच्यासारख्याच फोनवर, मूळ कॅमेरा ॲप उघडे ठेवून, माणूस पाठमोरा वळतो असा न कापलेला व्हिडिओ. जाहिरातीचाच तुकडा पुन्हा आला तर विषय सोडा. किती ग्रॅमचा फोन पेलतो हेही बघा. खऱ्या गिंबलच्या माहितीत ते असतेच. गिंबल बनवणाऱ्या डीजेआय कंपनीच्या ओस्मो मोबाइल ६ ला १७० ते २९० ग्रॅम. बनावट मालाच्या पानावर बहुधा फक्त इंचांचा आकडा असतो.

पार्सल फोडताना एका सलग व्हिडिओत सहाही बाजू, लेबल आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावरचे वजन घ्या. खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, एमआरपी, मूळ देश आणि महिना-वर्ष असायला हवे. नसेल तर तो वेगळा पुरावा. आत क्यूआर कोडचा कागद असतो. त्यावरून प्ले स्टोअरबाहेरचे ॲप उतरवायला सांगितले आणि त्याने एसएमएस किंवा ॲक्सेसिबिलिटीची (स्क्रीनवरचे वाचण्याची) परवानगी मागितली, तर ते फोनमध्ये घेऊच नका. चेहरा शोधायला तुमचे ओटीपी वाचावे लागत नाहीत.

‘आमच्याकडे फक्त बदलून मिळते’ हे उत्तर ठरलेले. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीतल्या गुणांशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ई-कॉमर्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. मूळ जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढा, कारण तक्रार गेली की शीर्षकातले ‘३ ॲक्सिस’ गायब होते. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा.

याच टप्प्यावर दुसरा घाव बसतो. परताव्यासाठी इंटरनेटवर शोधलेला ‘कस्टमर केअर’ नंबर बऱ्याचदा भामट्यांचा असतो. ते क्यूआर पाठवतात आणि पैसे जमा व्हायला यूपीआय पिन टाका म्हणतात. पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला नाही. टाकून बसला असाल तर बँकेच्या आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, मिनिटेही घालवू नका. रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते.

स्टिक, खोके आणि कुरिअरचे लेबल फेकू नका. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. लेबलावरचे पाठवणाऱ्याचे नाव आणि जाहिरातीतले दुकान वेगळे असेल, तर दोघांनाही प्रतिवादी करा.