व्हेरिकोज व्हेन्स: दाबाचे मोजे की लेझर?

पायाच्या शिरांतल्या झडपा निकामी झाल्या की रक्त वर चढण्याऐवजी खाली साचतं आणि शिरा फुगतात. मोजे बाहेरून दाब देऊन सूज आणि जडपणा कमी करतात, झडप दुरुस्त करत नाहीत. काढले की त्रास परत. गरोदरपणात मात्र मोजेच बरे.

बहुतेकांचं घोडं अडतं ते मापाशी. घोट्याचा आणि पोटरीचा घेर सकाळी, सूज नसताना घ्यावा. साधारण २०–३० मिमी पारा दाबाचे मोजे अंथरुणातून उठण्याआधीच चढवावेत. वरची कड दुमडू नका. तिथे दाब वाढून पाय काचतो. पायाच्या धमनीत अडथळा असेल तर मोजे धोक्याचे, म्हणून मधुमेहींनी आधी तपासून घ्यावं.

लेझर मूळ बिघाडालाच हात घालतं. आधी उभं करून डॉपलर (शिरेतलं रक्त कुठे वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी). मग सोनोग्राफीत बघत शिरेत बारीक तंतू सरकवतात, भोवती भुलीचं पाणी भरतात (त्यानं आजूबाजूचा भाग भाजत नाही) आणि शीर आतून बंद करतात. बहुधा त्याच दिवशी चालत घरी. नंतर थोडा बधिरपणा राहू शकतो, क्वचित खोल शिरेत गुठळी होते. घोट्याशी कातडी काळवंडली किंवा जखम झाली असेल, तर नुसत्या मोज्यांवर वेळ काढू नका.