काउंटीतल्या शेतीला सरकारी पैसा किती? ईडब्ल्यूजीचा फार्म सबसिडी डेटाबेस

मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतकऱ्यांचे टॅक्स रिटर्न भरते. मका-सोयाबीनचा मुलूख आहे, त्यामुळे बहुतेक फायलींत कृषी खात्याकडून आलेला 1099-जी फॉर्म, म्हणजे वर्षभरात मिळालेल्या सरकारी रकमेचा दाखला, असतोच. त्यावरून एका घराचा आकडा कळतो. सगळ्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) किती पैसा आला आणि कशापायी आला, हे पाहायला मी एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप (ईडब्ल्यूजी) या पर्यावरणवादी संस्थेचा हा डेटाबेस उघडते. तो फुकट आहे. राज्य आणि काउंटी निवडली की 1995 पासूनचे आकडे समोर येतात, खाली घेणाऱ्यांची नावं, गाव, रक्कम. कृषी खात्याकडे माहितीच्या हक्काच्या कायद्याखाली मागणी करून या संस्थेने हे जमवलंय. सरकारी पैशाचा असा हिशोब कुणालाही पाहता यावा, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ मी योजनावार तक्त्यावर घालवते. आधीच्या वर्षांत डायरेक्ट पेमेंट दिसतं: भाव कसाही असो, ठरलेली रक्कम मिळायची. 2014 च्या शेती कायद्याने ते बंद झालं आणि एआरसी (उत्पन्नावर आधारलेली) व पीएलसी (भावावर आधारलेली) या योजना आल्या. उत्पन्न किंवा भाव ठरलेल्या पातळीखाली गेला तरच पैसे. तेही 'बेस एकरां'वर, म्हणजे पूर्वीच्या पिकांच्या जुन्या नोंदीवरून ठरलेल्या एकरांवर, त्यातल्या 85 टक्क्यांवर. यंदा त्या शेतात काय पेरलं, याचा संबंध नाही. हे सांगितलं की शहरातल्या लोकांना खरंच वाटत नाही. 2018 आणि 2019 मध्ये चीनशी व्यापारयुद्ध पेटलं तेव्हाची मदत आणि 2020 ची कोविड मदत तक्त्यात वेगळी दिसते.

उणीव मोठी आहे ती पीकविम्याची. हप्त्याचा निम्म्याहून जास्त भार सरकार उचलतं, पण तिथे काउंटीची बेरीजच मिळते, नावं नाहीत. 2000 च्या कायद्याने ती माहिती झाकली गेली, त्यात या संस्थेचा दोष नाही. तरी यादीतला पहिला म्हणजे काउंटीत सर्वांत जास्त मदत घेणारा, असं धरून चालू नका.

नावांचंही तसंच. एका नावापुढे मोठी रक्कम दिसली म्हणून एका माणसाला शिव्या घालू नयेत. ती भागीदारी असू शकते. 2018 च्या शेती कायद्यात मदतीची मर्यादा माणशी 1,25,000 डॉलर होती, पण भागीदारीत जितके सभासद तितक्या मर्यादा, आणि त्याच कायद्याने चुलत भावंडं, पुतणे-भाचेही कुटुंबात बसवले, म्हणजे त्यांनाही सभासद दाखवता येतं. मला हे चुकीचं वाटतं. लहान शेतकऱ्याकडे इतके सभासद दाखवायला नसतात. उलट, परगावचा पत्ता असलेली एखादी म्हातारी यादीत दिसते, ती बहुधा सीआरपीची असते. जमीन 10 ते 15 वर्षं पडीक ठेवून गवत लावायचं आणि सरकारकडून वर्षाचं भाडं घ्यायचं, अशी ती योजना. जमीन रोख खंडाने दिली असेल तर एआरसी-पीएलसीचे पैसे कसणाऱ्याला मिळतात, मालकाला नाही. यादीत हा फरक कुठे लिहिलेला नाही.

5 पैकी 4 तारे. काउंटीचा अभ्यास करणाऱ्याने, वार्ताहराने, शेत विकत घेणाऱ्याने जरूर वापरावा. फक्त वर्ष जुळवताना जपा: 2019 च्या पिकाचे एआरसी-पीएलसीचे पैसे ऑक्टोबर 2020 नंतर हातात आले, त्यामुळे दुष्काळ किंवा पडलेला भाव एका वर्षाचा आणि रक्कम पुढच्या वर्षाची दिसते.